विश्लेषण : सोने कोणत्या धातूत मिसळते, कोणत्यात नाही? नॅनोकणांत हे गणित का बदलते?

बावीस कॅरेटच्या बांगडीत सोने किती आणि तांबे-चांदी किती, हे सराफाच्या पेढीवरचे यंत्र मिनिटभरात सांगते. शंभरात ९१.६ भाग सोने भरले, की दागिन्यावर ‘९१६’चा हॉलमार्क उमटतो आणि गिऱ्हाईकापुरता प्रश्न मिटतो. मात्र सोन्याचा कण काही नॅनोमीटरचा असेल, तर त्यातील धातूंचे प्रमाण कळूनही फारसे काही कळत नाही. याचे उदाहरण पुण्यातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील (एनसीएल) मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी सोने व चांदीचे क्षार कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात एकत्र टाकले, तेव्हा आत सोने आणि बाहेर चांदी असे कण मिळाले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या याच प्रयोगशाळेच्या दुसऱ्या संशोधनात पाल्याऐवजी एका बुरशीचा वापर होता. तिथे दोन्ही धातूंचे अणू एकमेकांत मिसळलेले कण तयार झाले. धातू तेच, शहर तेच, तरी रचना वेगळी! सोन्याने १० ग्रॅममागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडल्यानंतरच्या काळात हा फरक केवळ प्रयोगशाळेचा विषय राहिलेला नाही. महागड्या धातूचा प्रत्येक अणू कामाला लावायचा, तर तो कणात नेमका कुठे बसतो हे ठरवता आले पाहिजे.

नॅनो-मिश्रधातू म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सोन्याच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.२९ नॅनोमीटर असतो. म्हणजे दोन नॅनोमीटरच्या कणात जेमतेम अडीचशे अणू मावतात. अशा कणात दोन किंवा अधिक धातू असतील तर त्याला नॅनो-मिश्रधातू म्हणतात.

दोन धातूंचे अणू कणात ढोबळमानाने चार प्रकारे बसू शकतात. एक धातू गाभ्यात आणि दुसरा कवचात. दोन्ही धातू शेजारी-शेजारी, अर्धा कण एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. दोन्हींचे अणू कसेही विखुरलेले. किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे ठरावीक क्रमाने मांडलेले. चारही प्रकारांत धातूंचे प्रमाण अगदी सारखे असू शकते. रंग, टिकाऊपणा आणि रासायनिक वर्तन मात्र वेगळे असते.

माणसाने असे कण नकळत फार पूर्वी वापरले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘लायकरगस चषक’ हा चौथ्या शतकातील रोमन काचेचा प्याला बाहेरून उजेड पडला की हिरवा दिसतो आणि आतून उजेड आला की लाल. त्याच्या काचेत सोने-चांदीच्या मिश्रधातूचे नॅनोकण असल्याचे आधुनिक तपासणीत दिसले. सोन्याचे सूक्ष्म कण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषतात, तर चांदीचे ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा. दोन्ही धातू एकजीव झाले असतील तर ही शोषणरेषा प्रमाणानुसार दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. गाभा-कवच रचनेत चित्र वेगळे असते. त्यामुळे द्रावणाच्या रंगावरूनही आत काय घडले याचा पहिला अंदाज बांधता येतो.

दागिन्यातील सोने कोणाशी जमवून घेते?

दोन धातू एकमेकांत मिसळतील का, याचे ठोकताळे ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम ह्यूम-रोदरी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. अणूंच्या आकारातील फरक १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, स्फटिकाची रचना सारखी असावी, इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेत म्हणजे विद्युतऋणतेत फार तफावत नसावी, अशा या अटी आहेत.

सोने आणि चांदीचे अणू जवळपास एकाच मापाचे, स्फटिकरचनाही एकच. म्हणून मुशीत वितळवल्यावर दोन्ही कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्के लहान आहे, तरीही तांबे सोन्यात विरघळते. मात्र तापमान साधारण ४०० अंश सेल्सियसच्या खाली आले, की काही प्रमाणांत सोन्या-तांब्याचे अणू शिस्तीत, थरांनी बसू लागतात आणि धातू कडक होतो. अठरा कॅरेटचे लालसर सोने तापवल्यानंतर कारागीर ते सावकाश थंड होऊ न देता पटकन विझवतात, त्यामागचे कारण हेच. अणूंना रांग लावायला वेळच मिळू नये, असा त्यामागचा हेतू असतो.

ठोकताळे फसतात ते प्लॅटिनमपाशी. प्लॅटिनमच्या आणि सोन्याच्या अणूंच्या मापात जेमतेम चार टक्क्यांचा फरक आहे, स्फटिकरचनाही सारखी आहे. तरीही साधारण १२५० अंशांच्या खाली, बऱ्याच मोठ्या प्रमाण-टप्प्यात हे दोन धातू विलग होऊ पाहतात. प्लॅटिनमच्या अणूंना एकमेकांशी असलेले घट्ट बंध तोडून सोन्याशी बंध जोडणे परवडत नाही. ऱ्होडियमचेही असेच. निकेलच्या बाबतीत मापातील फरक साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि सुमारे ८०० अंशांखाली तेही सोन्यापासून वेगळे होऊ लागते. पॅलेडियममधील बंधांची ताकद मात्र सोन्याच्या जवळपास असल्याने या दोघांचे जमते. थोडक्यात, अणूचे माप ही एक अट झाली. कोणाचा बंध कोणाशी अधिक घट्ट, हे त्याहून महत्त्वाचे.

कण लहान झाला की काय बदलते?

हे सारे नियम सोन्याच्या लगडीसाठी आहेत. लगडीत पृष्ठभागावर असणाऱ्या अणूंची संख्या आतल्या अणूंच्या तुलनेत नगण्य असते. नॅनोकणात हे उलटते. ३०९ अणूंच्या भरीव, सुबक कणात १६२ अणू पृष्ठभागावर असतात. ५५ अणूंच्या कणात ४२ अणू बाहेर आणि फक्त १३ आत. पृष्ठभागावरील अणूला शेजारी कमी, त्यामुळे तो सैल बांधलेला असतो. तीन नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात एक ग्रॅम सोने घेतले, तर त्याचा एकूण पृष्ठभाग १०० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण अकराशे चौरस फुटांच्या घरात जातो. तेवढ्याच वजनाच्या भरीव घनाचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही.

याचा पहिला परिणाम वितळण्यावर होतो. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते. स्वित्झर्लंडमधील ब्युफा आणि बोरेल यांनी १९७६ मध्ये दाखवले, की कण दोन-तीन नॅनोमीटरचा झाला की हा बिंदू कित्येक शे अंशांनी खाली येतो. दुसरा परिणाम अणूंच्या हालचालीवर होतो. ओसाका विद्यापीठातील हिरोतारो मोरी यांच्या गटाला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आढळले, की सोन्याच्या सुमारे चार नॅनोमीटरच्या कणांवर तांब्याचे अणू सोडले तर ते भट्टीशिवायच आत शिरतात आणि मिश्रधातू तयार होतो. २००२ मध्ये अमेरिकेतील एका संशोधनात सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवण्यात आला. पाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणांत दोन्ही धातू खोलीच्या तापमानालाच मिसळले. मोठ्या कणांत मात्र मिसळण्याची क्रिया सीमेवरच्या थरापुरती राहिली. दोन थरांच्या सांध्यावर काही अणूंच्या जागा रिकाम्या राहतात आणि शेजारचे अणू त्यांत उड्या मारत पुढे सरकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. लहान कणात सांध्यापासून टोकापर्यंतचे अंतरच इतके कमी असते, की काही उड्यांत काम भागते.

तिसरा परिणाम अधिक अनपेक्षित आहे. लगडीत न जमणारे सोने आणि प्लॅटिनम दोन ते चार नॅनोमीटरच्या कणांत एकजीव असल्याचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांना आढळले. दोन धातू वेगळे ठेवायचे तर त्यांच्यामध्ये सीमा हवी आणि प्रत्येक सीमेची ऊर्जेत किंमत मोजावी लागते. कण जेवढा लहान, तेवढी ही किंमत एकूण हिशेबात जड होते. असे कण पुरेसे तापवले, की मात्र दोन्ही धातू पुन्हा वेगळे होऊ लागतात. म्हणजेच नॅनोकणांतील काही मैत्री कायमची नसून अणूंना हलण्याची मुभा नसल्यामुळे टिकलेली असते.

आत कोण, बाहेर कोण?

कणाच्या पृष्ठभागावर कोणता धातू येणार, हे ठरवणारा सर्वात मोठा घटक म्हणजे पृष्ठऊर्जा. नवा पृष्ठभाग उघडा करण्यासाठी लागणारी ऊर्जा ज्या धातूची कमी, तो बाहेर येतो. सोन्याची पृष्ठऊर्जा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि निकेल या चौघांपेक्षाही कमी आहे. त्यामुळे निर्वात जागेत, पुरेसा वेळ दिल्यास, या धातूंच्या संगतीत सोने बाहेरचे अंग धरते.

दुसरा घटक अणूचे माप. मोठा अणू गाभ्यात कोंबला तर ताण वाढतो, म्हणून तो बाहेर ढकलला जातो. तांबे आणि निकेल यांच्या तुलनेत सोन्याचा अणू मोठा असल्याने हा नियमही सोन्याला बाहेरच पाठवतो. तिसरा घटक आहे विद्युतऋणता. पॉलिंग यांच्या मोजपट्टीवर सोन्याचा आकडा २.५४ आहे, नेहमीच्या धातूंत हा सर्वाधिक. चांदीचा आकडा १.९३ आणि तांब्याचा १.९०. म्हणजे या दोन्ही धातूंच्या संगतीत सोने इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढते आणि त्या ओढीमुळे भिन्न अणूंमधील बंध बळकट होतात.

हे घटक नेहमी एकाच दिशेने काम करत नाहीत. चांदीची पृष्ठऊर्जा सोन्याहूनही कमी, म्हणून तिने बाहेर यावे. पण इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीमुळे तिला सोन्याच्या शेजारी राहणेही फायद्याचे ठरते. अणूंची संख्या कमी असेल तेव्हा ही रस्सीखेच कोण जिंकेल, हे मोठ्या संगणकीय गणितांशिवाय सांगता येत नाही.

कृतीच्या वेगाने काय फरक पडतो?

आतापर्यंतचे नियम अणूंना मनासारखी जागा शोधायला वेळ मिळाला तर लागू पडतात. प्रत्यक्षात बहुतेक नॅनोकण द्रावणात, काही सेकंदांत किंवा मिनिटांत घडतात. द्रावणात धातू आयनांच्या रूपात असतो. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, की धातूचा अणू तयार होतो. या क्रियेला क्षपण म्हणतात. कोणत्या धातूचे क्षपण किती सहज होईल, हे त्याच्या विद्युत-विभवावरून कळते. सोन्याच्या क्लोराइड आयनासाठी ते सुमारे एक व्होल्ट आहे, चांदीसाठी ०.८०, पॅलेडियमच्या क्लोराइडसाठी सुमारे ०.६ आणि तांब्यासाठी ०.३४ व्होल्ट.

याचा अर्थ सौम्य क्षपणक वापरला तर सोने आधी बाहेर पडते आणि त्याचा गाभा बनतो. दुसरा धातू मागाहून येऊन त्यावर बसतो. कडुनिंबाच्या अर्कातील कणांत आत सोने आणि बाहेर चांदी का, याचे उत्तर या स्पर्धेत आहे. सोडियम बोरोहायड्राइडसारखा जोरकस क्षपणक असेल तर दोन्ही धातूंचे अणू जवळपास एकाच वेळी तयार होतात आणि मिसळलेलेच गोठतात. बुरशीच्या प्रयोगात तिने द्रावणात सोडलेल्या ‘एनएडीएच’ या जैविक क्षपणकाच्या प्रमाणावर मिश्रधातूतील धातूंचे प्रमाण अवलंबून असल्याचे पुण्याच्या संशोधकांना दिसले.

सोने-चांदीच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक अडचण असते. सोन्याचा नेहमीचा क्षार क्लोराइडचा आणि चांदीचा नायट्रेटचा. दोन्ही एकत्र आले, की चांदीचे क्लोराइड साक्याच्या रूपात खाली बसते आणि चांदी खेळातून बाद होते. म्हणून अशा प्रयोगांत द्रावणे अतिशय विरळ ठेवावी लागतात. क्षार कोणता निवडला, आम्लता किती, कणांभोवती वेष्टणासाठी कोणता रेणू वापरला, अशा बारीकसारीक गोष्टी अंतिम रचना ठरवतात.

विभवातील फरक वापरून मुद्दाम वेगळे आकारही घडवता येतात. अमेरिकेत युगांग सन आणि युनान शिया यांनी २००२ मध्ये चांदीचे नॅनोघन सोन्याच्या आम्लयुक्त क्षारात टाकले. सोन्याचा एक अणू जमा होताना चांदीचे तीन अणू विरघळतात. परिणामी घन आतून पोखरला जाऊन सोन्याची पोकळ पेटी उरली.

वेगाचे सर्वात टोकाचे उदाहरण २०१८ मधले आहे. मेरीलँड विद्यापीठातील लिआंगबिंग हू यांच्या गटाने कार्बनच्या तंतूंवरील धातूंच्या क्षारांना सुमारे ५५ मिलिसेकंदांचा विजेचा झटका दिला. तापमान २००० केल्व्हिनच्या आसपास गेले आणि सेकंदाला सुमारे एक लाख अंश या वेगाने खाली आले. त्यातून सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल, कोबाल्ट, लोह, तांबे आणि कथील अशा आठ धातूंचे एकजीव कण तयार झाले. यातील अनेक धातूंचे लगडीत एकमेकांशी पटत नाही. इथे त्यांना वेगळे होण्याइतका वेळच दिला गेला नाही. लाल सोने विझवणाऱ्या कारागिराची युक्तीच ही, फक्त वेग अफाट वाढवलेला.

भोवतालचा वायू अणूंची जागा बदलतो का?

बदलतो, आणि उद्योगांसाठी हाच सर्वात कळीचा मुद्दा आहे. बावीस कॅरेटचा दागिना डाक लावताना तापवला, की काळवंडतो. त्यातील तांबे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरते आणि सोनार तो आम्लात बुडवून काढतो. नॅनोकणात पृष्ठभागच अर्ध्याच्या आसपास असल्याने अशी ओढ संपूर्ण कणाची रचना बदलू शकते. सोन्या-तांब्याचा कण हवेत तापवला तर तांबे बाहेर येऊन ऑक्साइड होते; हायड्रोजनमध्ये तापवला तर ते पुन्हा धातूरूप होऊन सोन्यात मिसळू शकते.

सोने-पॅलेडियमच्या कणाचेही तसेच. निर्वात जागेत सोने बाहेर असते. पण भोवती कार्बन मोनॉक्साइड असेल, तर तो पॅलेडियमला घट्ट चिकटतो आणि पॅलेडियमचे अणू पृष्ठभागाकडे ओढून आणतो. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली रचना आणि प्रत्यक्ष कारखान्यातील रचना एकच असेल, याची हमी नसते. कण ज्या आधारावर बसवले आहेत, तो कार्बन, सिलिका किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड यांपैकी काय आहे, हेही परिणाम घडवते. गंधकयुक्त थायॉल रेणूंचे वेष्टण सोन्याला घट्ट धरते आणि पृष्ठभागावर कोणता धातू राहावा यात हस्तक्षेप करते.

एका-दोन अणूंनीही फरक पडतो?

काही डझन अणूंच्या समूहात तर प्रत्येक अणू मोजावा लागतो. २५ सोन्याचे अणू आणि १८ थायॉल रेणू असलेला समूह या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. त्यात एक पॅलेडियमचा अणू घातला, तर तो नेमका केंद्रस्थानी जाऊन बसतो. तांब्याचे अणू बाहेरच्या, गंधकाशी जोडलेल्या कड्यांमध्ये जागा शोधतात, तर चांदीचे अणू केंद्राभोवतीच्या बारा जागा पसंत करतात.

या क्षेत्रात भारतीय संशोधनाचा वाटा मोठा आहे. आयआयटी मद्रासमधील टी. प्रदीप यांच्या गटाने २०१६ मध्ये सोन्याच्या २५ अणूंचे समूह आणि चांदीच्या ४४ अणूंचे समूह एकाच द्रावणात मिसळले. खोलीच्या तापमानालाच दोन्ही समूहांनी धातूचे अणू आणि वेष्टणाचे रेणू एकमेकांना दिले-घेतले आणि मिश्रधातूचे समूह तयार झाले. भट्टी नाही, क्षपणक नाही. वस्तुमानमापकात ही देवाणघेवाण एकेका अणूच्या पातळीवर टिपता आली. तयार झालेला कण बाटलीत बंद करून ठेवला म्हणजे तो तसाच राहील, या समजाला यामुळे धक्का बसला.

उद्योगाला याचा उपयोग काय?

सोने निष्क्रिय असते, हा समज जपानच्या मासातेके हारुता यांनी १९८७ मध्ये मोडला. काही धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे सूक्ष्म कण शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, असे त्यांनी दाखवले. मिश्रधातूंचा वापर मात्र काही ठिकाणी आधीपासूनच रुळलेला आहे. सुतारकामात वापरला जाणारा पांढरा गोंद ज्या व्हिनाइल ॲसिटेटपासून बनतो, ते इथिलीन, ॲसिटिक आम्ल आणि ऑक्सिजनपासून तयार करताना पॅलेडियम-सोन्याचा उत्प्रेरक वापरतात. तिथे सोने नेमके करते काय, हे वेन गुडमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उलगडले. सोने पॅलेडियमच्या अणूंना एकमेकांपासून वेगळे पाडते. एकमेकांना न चिकटलेले पण ठरावीक अंतरावर असलेले पॅलेडियमचे दोन अणू हीच सर्वात कार्यक्षम जागा ठरते. पॅलेडियमचे प्रमाण तेच ठेवून त्याचे अणू घोळक्याने बसले, तर तसा लाभ मिळत नाही.

सोने-पॅलेडियमचे दुसरे काम हायड्रोजन पेरॉक्साइडचे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन थेट जोडून ते बनवताना तयार झालेला पदार्थ पुन्हा मोडण्याची भीती असते. कार्डिफ विद्यापीठातील ग्रॅहम हचिंग्ज यांच्या गटाने २००९ मध्ये कार्बनचा आधार आम्लाने धुऊन घेतल्यावर सोने-पॅलेडियमच्या कणांवर हे मोडणे थांबवता येते, असे दाखवले. इंधनघटात प्लॅटिनम हळूहळू विरघळते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००७ मध्ये त्यावर सोन्याचे बारीक पुंजके बसवल्यावर ३० हजार आवर्तनांनंतरही ते टिकून राहिले. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९९८ मध्ये निकेलच्या पृष्ठभागात थोडे सोने मिसळून नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकावर काजळी धरण्याचे प्रमाण घटवले. लगडीत न जमणारे हे दोन धातू पृष्ठभागाच्या एका थरात मात्र जमवून घेतात.

रांगेत बसलेल्या अणूंचे महत्त्व २०१७ मध्ये बर्कली येथील पेडाँग यांग यांच्या गटाने दाखवले. सोने आणि तांबे विखुरलेले असताना कणांवर प्रामुख्याने हायड्रोजन निघाला. तेच अणू क्रमाने मांडल्यावर वीज वापरून कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड बनवण्याची कार्यक्षमता ८० टक्क्यांपर्यंत गेली. उद्योगात हा वायू इंधन आणि रसायनांचा कच्चा माल म्हणून वापरता येतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मोजणीची. नमुन्यातील सरासरी प्रमाण निम्मे-निम्मे आले, तरी काही कण जवळपास निव्वळ सोन्याचे आणि काही निव्वळ दुसऱ्या धातूचे असू शकतात. एकेका कणातील अणूंची जागा पाहण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक महाग असतात, आणि ते काही मोजकेच कण पाहू शकतात. शिवाय त्यातील तीव्र इलेक्ट्रॉन झोताने लहान कणाची रचनाच बदलू शकते.

दुसरी अडचण टिकण्याची. उष्णतेने लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लहानपणामुळे मिळालेले गुण गमावतात. आम्लात तांबे किंवा निकेल विरघळून जाते आणि मागे सोन्याचे सच्छिद्र कवच राहते. घाईने थंड करून जुळवलेले धातू भट्टीच्या तापमानाला पुन्हा वेगळे होण्याची शक्यता कायम असते.

तिसरी अडचण प्रमाण वाढवण्याची. चंचुपात्रात ढवळताना क्षपणक सर्वत्र एकसारखा पोहोचतो. हजार लिटरच्या टाकीत एका कोपऱ्यात तो आधी पोहोचतो, दुसऱ्या कोपऱ्यात उशिरा. काही सेकंदांचा हा फरक गाभा-कवच आणि एकजीव कण यांतील फरक ठरतो. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कृती कारखान्यात फसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुढे काय?

कोणते दोन-तीन धातू, किती मापाचे कण, कोणता वायू, किती तापमान अशा असंख्य जोडण्या प्रत्यक्ष करून पाहणे शक्य नसते. म्हणून संगणकीय गणित आणि वेगवान प्रयोग यांची सांगड घातली जात आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने २०१६ मध्ये सोने, चांदी, कोबाल्ट, तांबे आणि निकेल या पाच धातूंच्या सर्व ३१ जोडण्यांचे कण एका पद्धतीने घडवले. दुसरीकडे, वायूच्या सान्निध्यात आणि तापमान वाढवत असताना कणाकडे पाहता येईल असे सूक्ष्मदर्शक अधिकाधिक वापरात येत आहेत.

उत्प्रेरकात सोने वापरणाऱ्याला त्याची किंमत पृष्ठभागावरच्या अणूंतून वसूल करायची असते. गाभ्यात अडकलेला सोन्याचा अणू अभिक्रियेत थेट भाग घेत नाही, पैसे मात्र त्याचेही मोजावे लागतात. त्यामुळे स्वस्त धातूचा गाभा आणि त्यावर सोन्याचे पातळ कवच, किंवा सोन्यात दुसऱ्या धातूचे मोजके अणू, या दोन्ही वाटा आकर्षक वाटतात. त्या व्यवहारात उतरणार की नाही, हे मात्र तीन साध्या प्रश्नांवर ठरेल : कण घडला तेव्हा अणू कुठे होते, काम करताना ते कुठे असतात आणि हजार तासांनंतर कुठे राहतील. नव्या ‘सुवर्ण उत्प्रेरका’चा दावा पुढे येईल तेव्हा त्यात सोने किती टक्के आहे, याच्या आधी हे तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. दागिन्याला कसोटीच्या दगडावरची एक रेघ पुरते. नॅनोकणाची कसोटी तो काम करत असतानाच लागते.